थंडरबर्डमध्ये एचटीएमएल मेल: काय दाखवायचं, काय अडवायचं

वर्षानुवर्षं जीमेल ब्राउझरमध्ये वाचणारा माणूस पहिल्यांदा थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकतो, खातं जोडतो, आणि बघतो तर मेलमधली निम्मी चित्रं गायब. दुकानाच्या जाहिरातीत रिकामे चौकोन, न्यूजलेटरमध्ये मथळे आहेत पण फोटो नाहीत, आणि मेलच्या डोक्यावर एक पट्टी इंग्रजीत काहीतरी सांगतेय. इन्स्टॉल करताना गडबड झाली असं वाटून बरेच जण तिथेच सोडून देतात. गडबड काहीच झालेली नसते. थंडरबर्ड मुद्दाम तसा वागतो, आणि हे वागणं आपल्या सोयीनुसार बदलता येतं.

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे पुढची बटणं आपोआप लक्षात राहतील. एचटीएमएल मेल हे एक छोटं वेबपानच असतं. त्यातला मजकूर मेलबरोबर येतो, पण चित्रं बहुतेक वेळा येत नाहीत. मेलमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. तुम्ही मेल उघडला की प्रोग्रामने त्या पत्त्यावर जायचं आणि चित्र आणायचं, अशी ती व्यवस्था. म्हणजे मेल उघडताच पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला तुमच्याकडून एक हाक जाते. डिसेंबर २०१३ पासून जीमेल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं, त्यामुळे तिथे आपल्याला काही जाणवत नाही. थंडरबर्डच्या मागे असा मध्यस्थ नाही. तो तुमच्या कॉम्प्युटरवरून थेट हाक मारणार, तुमच्या आयपी पत्त्यासकट, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनच्या क्रमांकासकट. म्हणून तो आधी थांबतो आणि तुम्हाला विचारतो.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नवीन माणसाचा गोंधळ नेमका तिथेच होतो. मेलचा मजकूर कुठल्या रूपात दाखवायचा, हा एक प्रश्न. मेलला बाहेरून काही आणू द्यायचं का, हा दुसरा. दोन्हींची सेटिंग्ज वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एक बदलून दुसऱ्याचा परिणाम शोधत बसलात तर संध्याकाळ जाईल.

पुढे दिलेले मेनू थंडरबर्ड १४० मधले आहेत. २०२३ च्या ११५ पासून पुढे कुठलीही आवृत्ती असली तरी फारसा फरक पडणार नाही. त्याहून जुनी असेल तर आधी अपडेट करा. मेलचा प्रोग्राम जुना ठेवण्यात काहीच शहाणपणा नाही.

आधी मेनू बार बाहेर काढा

विंडोजवर आणि लिनक्सवर थंडरबर्डचा मेनू बार लपलेला असू शकतो. कीबोर्डवरची ऑल्ट की एकदा दाबून सोडा. फाइल, एडिट, व्ह्यू वगैरे वर दिसेल. तो कायम हवा असेल तर व्ह्यू, टूलबार्स, मेनू बार असं जाऊन टिक करा. त्याच टूलबार्समध्ये स्टेटस बार आहे, त्यालाही टिक करून ठेवा. खिडकीच्या तळाची ही बारीक पट्टी पुढे फार उपयोगी पडणार आहे. मॅकवर मेनू नेहमीप्रमाणे स्क्रीनच्या वरच असतो, तिथे शोधायचं काही कारण नाही.

सेटिंग्जची खिडकी उघडायला डावीकडच्या उभ्या पट्टीच्या तळाशी दातेरी चाकाचं चिन्ह आहे. वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या मेनूतही सेटिंग्ज सापडतं.

मजकूर कुठल्या रूपात?

व्ह्यू मेनूत मेसेज बॉडी अ‍ॅज असा पर्याय आहे. त्यात तीन गोष्टी: ओरिजिनल एचटीएमएल, सिंपल एचटीएमएल आणि प्लेन टेक्स्ट. एक मेल उघडा ठेवा, शक्यतो एखाद्या दुकानाचा रंगीबेरंगी, आणि तिन्ही एकामागून एक निवडून बघा. वाचून समजण्यापेक्षा हे पटकन कळेल.

ओरिजिनल एचटीएमएलमध्ये पाठवणाऱ्याने जसा सजवला तसाच मेल दिसतो: रंग, रकाने, बटणं, फॉन्ट, सगळं. पहिल्यापासून हेच निवडलेलं असतं. यात स्क्रिप्ट चालतील का, ही भीती काहींना असते. नाही. मेलमधलं जावास्क्रिप्ट थंडरबर्ड चालवतच नाही, तुम्ही यातलं काहीही निवडा.

सिंपल एचटीएमएलमध्ये सजावट गळते. परिच्छेद, ठळक अक्षरं, याद्या, लिंका राहतात. चित्रं आणि पाठवणाऱ्याची रंगरंगोटी जाते. बँकेचा, विम्याचा, सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेल यात अगदी व्यवस्थित वाचता येतो, उलट जास्तच शांतपणे. मला स्वतःला रोजच्या कामाला हेच आवडतं. पण एक अडचण लक्षात ठेवा: कुणी मेलच्या मजकुरातच फोटो चिकटवून पाठवला असेल, तर तोही इथे दिसणार नाही. घरच्यांनी लग्नाचे फोटो मजकुरात टाकून पाठवलेत आणि तुम्हाला नुसतं ‘हे बघ’ एवढंच दिसतंय, असं झालं तर आधी हे सेटिंग तपासा.

प्लेन टेक्स्ट म्हणजे नुसती अक्षरं. पुष्कळ मेल दोन प्रती घेऊन येतात, एक साधी आणि एक सजवलेली. तुम्ही प्लेन टेक्स्ट निवडलंत की थंडरबर्ड साधी प्रत दाखवतो. साधी प्रत नसेल तर सजवलेल्या प्रतीतून अक्षरं काढून दाखवतो. काही कंपन्या साध्या प्रतीत ‘हा मेल एचटीएमएलमध्ये पाहा’ एवढं एकच वाक्य टाकून मोकळ्या होतात. अशा वेळी प्लेन टेक्स्टमध्ये रिकामा वाटणारा मेल खरं तर रिकामा नसतो.

ही निवड एका मेलपुरती नसते. जे निवडाल ते सगळ्या मेलना, सगळ्या खात्यांना लागू होतं आणि प्रोग्राम बंद करून चालू केला तरी तसंच राहतं. एखाद्या मेलसाठी बदललंत तर वाचून झाल्यावर परत फिरवायचं. याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी ‘अलाऊ एचटीएमएल टेंप’ नावाचं अ‍ॅड-ऑन आहे. ते एका मेलपुरतं रूप बदलून देतं. अ‍ॅड-ऑन तुमच्या आवृत्तीला चालतं का, ते टूल्स मेनूतल्या अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर आधी बघा.

संशयास्पद मेल असा तपासा

समजा, तुमच्या बँकेच्या नावाने मेल आलाय. वर लोगो, खाली निळं बटण, मध्ये मजकूर: तुमचं केवायसी आज संध्याकाळपर्यंत अपडेट न केल्यास खातं गोठवलं जाईल. ओरिजिनल एचटीएमएलमध्ये हा मेल अगदी अस्सल दिसतो, कारण लोगो आणि रंग कुणालाही उचलता येतात.

बटणावर क्लिक न करता नुसता कर्सर न्या. तळाच्या स्टेटस बारवर त्या लिंकचा खरा पत्ता उमटेल. आता तो पत्ता नीट वाचायचा, आणि वाचायची पद्धत उलटी आहे. सुरुवातीचे दोन तिरके दांडे सोडा, त्यानंतरचा पहिला एकटा तिरका दांडा शोधा, आणि त्याच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघा. तिथला शेवटचा भाग खरा मालक सांगतो. त्याच्या आधी बँकेचं नाव कितीही वेळा आलं आणि शेवटी भलतंच काही असलं, डॉट टॉप किंवा डॉट एक्सवायझेड असलं काही, तर तो पत्ता बँकेचा नाही. भारतातल्या बँकांबाबत एक सोय आता झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांच्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन या शेवटावर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. त्यामुळे तुमच्या बँकेच्या पत्त्याचा शेवट काय असायला हवा, हे आता ठामपणे ताडून बघता येतं.

मग व्ह्यू मेनूतून प्लेन टेक्स्ट निवडा. मेलला वेगळी साधी प्रत नसेल तर बटणाच्या जागी त्याचा मजकूर आणि पुढे कोनी कंसात अख्खा पत्ता दिसेल. लोगो गेला, रंग गेले, आणि उरली ती घाई करणारी तीन वाक्यं आणि एक विचित्र पत्ता. शंका फिटायला बहुधा एवढं पुरतं. साधी प्रत वेगळी जोडलेली असेल तर मात्र तीच दिसते, आणि तीत धोकादायक लिंक ठेवलेलीच नसू शकते. म्हणून कर्सर नेऊन बघायची पायरी गाळू नका.

थंडरबर्ड स्वतःही यावर लक्ष ठेवतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी विभागात खाली सिक्युरिटीखाली स्कॅम डिटेक्शनची टिक आहे. ती असू द्या. ती अधूनमधून चांगल्या न्यूजलेटरलाही ‘हा फसवा मेल असू शकतो’ म्हणते, कारण न्यूजलेटरवाले लिंका फिरवून फिरवून देतात. पट्टी आली म्हणून मेल फसवा, असं नाही. पट्टी नाही म्हणून मेल खरा, असं तर मुळीच नाही. आणि पैसे गेलेच असतील तर सेटिंग्ज सोडा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

बाहेरून काय आणू द्यायचं?

आता दुसरा प्रश्न, आणि खरा महत्त्वाचा. थंडरबर्ड याला रिमोट कंटेंट म्हणतो. त्यात चित्रं तर आलीच, शिवाय बाहेर ठेवलेल्या स्टाइलशीट, म्हणजे सजावटीच्या फाइली, आणि व्हिडिओही आले. मेलला जोडूनच आलेले फोटो यात येत नाहीत; ते तुमच्याकडे आधीच पोचलेले असतात, त्यांना अडवायचं कारण नाही.

अडवण्यामागचं कारण फक्त डेटा वाचवणं हे नाही. पुष्कळशा जाहिरातींच्या मेलमध्ये एक चित्र असं असतं जे तुम्हाला दिसतच नाही: एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, पारदर्शक. त्याच्या पत्त्यात एक लांबलचक क्रमांक असतो आणि तो फक्त तुमच्या मेलला दिलेला असतो. ते चित्र मागितलं गेलं की पाठवणाऱ्याला कळतं की या माणसाने मेल उघडला, अमुक वाजता उघडला, अमुक आयपी पत्त्यावरून उघडला. त्यावरून साधारण गावही कळतं. नेहमीच्या दुकानाला हे कळलं तर फार बिघडत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण स्पॅम पाठवणाऱ्याला कळलं की हा पत्ता जिवंत आहे, तर पुढच्या यादीत तुमचं नाव पक्कं.

२०१८ च्या मे महिन्यात याहून गंभीर प्रकार समोर आला. म्युन्स्टर, बोखुम आणि ल्युव्हेन इथल्या संशोधकांनी ‘ईफेल’ नावाने एक त्रुटी जाहीर केली. हाती लागलेल्या एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद केलेल्या, मेलभोवती चलाखीने एचटीएमएल गुंडाळून तो परत पाठवला, तर मेल प्रोग्राम तो उलगडताना आतला गुप्त मजकूर बाहेरच्या चित्राच्या पत्त्यात घालून हल्लेखोराकडे पाठवू शकत होता. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी पुढे ती भोकं बुजवली. पण तेव्हा तातडीचा उपाय म्हणून दिलेल्या सल्ल्यांत मेलमधलं एचटीएमएल दाखवणं बंद करा, हा सल्लाही होता.

सेटिंग असं तपासा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. सगळ्यात वर मेल कंटेंट हा भाग आहे आणि त्यात ‘अलाऊ रिमोट कंटेंट इन मेसेजेस’ अशी एक चौकट. ती रिकामी असायला हवी. कुणा जाणकाराने ‘चित्रं दिसत नाहीत ना, इथे टिक कर’ असं सांगून ती भरलेली असेल, तर काढा. तिथे टिक केली की यच्चयावत सगळ्या मेलना, स्पॅमसकट, मोकळं रान मिळतं.

मग चित्रं बघायची कशी? मेल उघडल्यावर वर जी पट्टी येते, तिच्या उजव्या टोकाला ऑप्शन्स किंवा प्रेफरन्सेस असं बटण असतं. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते. पहिला पर्याय ‘शो रिमोट कंटेंट इन धिस मेसेज’, म्हणजे या एका मेलपुरतं. तोच मेल उद्या परत उघडलात तर पुन्हा विचारणार नाही. दहापैकी नऊ वेळा हाच पर्याय पुरतो.

त्याखाली कायमच्या परवानगीचे पर्याय येतात. काही ठिकाणांना परवानगी, म्हणजे चित्रं जिथून येतात त्या सर्व्हरना. आणि पाठवणाऱ्याच्या ईमेल पत्त्याला परवानगी. दोन्हींत एक-एक फट आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लावता येतो. तुम्ही ज्या पत्त्याला परवानगी दिली त्याच पत्त्याचं सोंग घेऊन कुणी मेल पाठवला, तर त्यालाही वाट मोकळी. सर्व्हरचं म्हणाल तर न्यूजलेटर बहुतेक वेळा मेल पाठवणाऱ्या एखाद्या मोठ्या सेवेमार्फत जातात आणि तिचा चित्रांचा सर्व्हर हजारो ग्राहकांत वाटलेला असतो. तुम्ही एका मासिकासाठी त्याला हो म्हणालात की ती सेवा वापरणाऱ्या प्रत्येकाला हो म्हणालात.

माझा नियम साधा आहे. चित्रांचा सर्व्हर त्याच संस्थेच्या नावाचा असेल तर सर्व्हरला परवानगी. भलत्याच नावाचा असेल तर पाठवणाऱ्याच्या पत्त्याला. आणि दोन्ही फक्त अशांना, ज्यांचे मेल मी आठवड्याला वाचतोच. यादीच्या शेवटी ‘वरच्या सगळ्या ठिकाणांना परवानगी द्या’ अशा अर्थाचाही पर्याय असतो. मोहात पडू नका. त्या ठिकाणांत पाळत ठेवणारा सर्व्हरही बसलेला असतो.

दिलेली परवानगी काढायची असेल तर मेल कंटेंटमध्येच एक्सेप्शन्स हे बटण आहे. तिथे सगळी यादी दिसते. नको ती ओळ निवडून रिमूव्ह करा आणि बदल सेव्ह करा. सहा महिन्यांनी एकदा ही यादी उघडून बघितलीत तर आपण कुणाकुणाला हो म्हणालो होतो हे बघून गंमत वाटेल.

वाचल्याची पोच हाही याच घरातला पाहुणा आहे. सेटिंग्ज, जनरल, तिथे खाली रीडिंग अँड डिस्प्ले, आणि त्यात रिटर्न रिसीट्सचं बटण. पोच कधीच पाठवू नये असा पर्याय तिथे निवडता येतो. ऑफिसचा नियम असेल तर ‘मला विचार’ ठेवा.

देवनागरी नीट दिसण्यासाठी

थंडरबर्ड ताजा टाकला की इंग्रजी मेल बरे दिसतात, पण मराठी मेलचा टाइप बारीक, खेटून बसलेला, वेलांट्या-उकार दिसेनासे. याचं कारण असं की अक्षरांचा आकार इंग्रजीच्या हिशेबाने ठरलेला असतो. रोमन अक्षर ज्या मापात सहज वाचता येतं, त्या मापात ‘ष्ट्र’ किंवा ‘र्‍ह’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात.

सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड अपिअरन्स असं जा. तिथे फॉन्टशेजारी अ‍ॅडव्हान्स्ड बटण आहे. उघडणाऱ्या खिडकीत सगळ्यात वर ‘फॉन्ट्स फॉर’ आणि पुढे एक यादी, ज्यात बहुधा लॅटिन निवडलेलं असतं. इथेच पुष्कळ जण फसतात: लॅटिनचा फॉन्ट बदलतात आणि मराठीत काही फरक पडला नाही म्हणून वैतागतात. यादी उघडा, देवनागरी निवडा, आणि मग खालचे फॉन्ट ठरवा. विंडोज १० आणि ११ वर निर्मला यूआय आधीपासून असतो आणि तो स्क्रीनवर स्वच्छ दिसतो. जुना मंगल आता वेगळा उतरवून घ्यावा लागतो. त्याच्यासाठी धावपळ करायची गरज नाही. मॅकवर कोहिनूर देवनागरी आहे. लिनक्सवर नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित सापडेल. मुक्ता हा फॉन्ट मोफत मिळतो आणि तिन्हीकडे चालतो. लांब मेल वाचायला मला तो सगळ्यात सुखाचा वाटतो.

देवनागरीनंतर त्याच यादीतून लॅटिन आणि ‘अदर रायटिंग सिस्टिम्स’ हे दोन्ही निवडून तिथेही आकार तोच ठेवा. मेल कुठल्या भाषेचा आहे हे बऱ्याच मेलमध्ये सांगितलेलंच नसतं आणि मग आकार या दुसऱ्या जागांवरून उचलला जातो. तिन्ही ठिकाणी १७ किंवा १८ ठेवलंत की अंदाज बांधत बसावं लागत नाही. खाली मिनिमम फॉन्ट साइज आहे, तो १४ करा. तळटीप अकरा पिक्सेलमध्ये लिहिणाऱ्या कंपन्यांचा बंदोबस्त तेवढ्याने होतो. एखादा मेल तरीही बारीक वाटला तर कंट्रोल आणि अधिकची की दाबा. कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार परत.

त्याच खिडकीत दोन टिका आहेत. ‘यूज फिक्स्ड विड्थ फॉन्ट फॉर प्लेन टेक्स्ट मेसेजेस’ ही काढून टाका. साध्या मेलमध्ये प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देण्याची ही पद्धत प्रोग्रामरांच्या कोडसाठी आणि आकड्यांच्या तक्त्यांसाठी बरी. मराठी मजकुरात इंग्रजी शब्द वेगळ्याच घाटाचे आणि मराठी वेगळ्याच, असं कडबोळं होतं. दुसरी टिक ‘अलाऊ मेसेजेस टू यूज अदर फॉन्ट्स’. ती काढलीत तर पाठवणाऱ्याने कुठलाही फॉन्ट लावला असला तरी मेल तुमच्याच फॉन्टमध्ये दिसेल. मला हे फार सोयीचं वाटतं. मात्र तुमच्याकडे जुने मराठी मेल साठवलेले असतील तर जपून.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी मराठी लिहायला शिवाजी, किरण, कृतिदेव, सी-डॅकचा सुरेख असे फॉन्ट वापरले जायचे. त्यात देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. म्हणजे मेलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर फॉन्टचा मुखवटा चढला की ती मराठी दिसतात. ‘अदर फॉन्ट्स’ची टिक काढली की मुखवटा उतरतो आणि आत्याचं पत्र किंवा जुनं परिपत्रक म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग होते. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल तर टिक असूनही हेच होतं. अशा मेलसाठी टिक ठेवा आणि तो फॉन्ट टाका, नाहीतर मजकूर कॉपी करून युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या एखाद्या कन्व्हर्टरमधून काढा. मजकूर खाजगी असेल तर ऑनलाइन कन्व्हर्टरपेक्षा आपल्या मशीनवर चालणारा बरा.

वरवर तसाच दिसणारा दुसरा एक घोटाळा असतो. यात साधी रोमन अक्षरं नसतात, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ आणि त्याच्या मागे चलनाचं चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा येते. हा मजकूर युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायची भलतीच पद्धत धरून, वाचला गेलाय. यूटीएफ-८ या युनिकोडच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. ते तीन बाइट वेगवेगळे वाचले की एकाच्या जागी तीन चिन्हं दिसतात. व्ह्यू मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, तो एकदा दाबा. पुष्कळदा तेवढ्याने मराठी उभी राहते. पाठवणाऱ्याच्याच बाजूला मजकूर बिघडून आला असेल तर मात्र इलाज नाही; परत पाठवायला सांगा.

किरकोळ दोन गोष्टी

मेलच्या तळाशी जोडलेले फोटो मोठमोठे उघडून पडत असतील तर व्ह्यू मेनूतली ‘डिस्प्ले अटॅचमेंट्स इनलाइन’ची टिक काढा. फोटो अटॅचमेंट म्हणून राहतील, हवे तेव्हा उघडा.

डार्क थीम वापरत असाल तर १४० पासून मेलचा मजकूरही गडद करून दाखवायची सोय आली आहे आणि मेलच्या वरच ती चालू-बंद करायचं बटण मिळतं. काही सजवलेल्या मेलमध्ये रंग भलतेच उलटतात, तेव्हा ते बंद करून वाचा.

आपण पाठवतो तो मेल

इतका वेळ आलेल्या मेलचं चाललं होतं. समोरच्याला आपला मेल कसा मिळतो, हेही एकदा बघून ठेवा. अकाउंट सेटिंग्जमध्ये आपलं खातं निवडून कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग उघडा. ‘कंपोझ मेसेजेस इन एचटीएमएल फॉरमॅट’ ही टिक असेल तर लिहिताना फॉन्ट, रंग, ठळक वगैरेची पट्टी मिळते. नसेल तर नुसतं साधं लिखाण. खाती दोन असतील तर दोन्हींची टिक वेगळी असते. एरवीच्या सवयीच्या उलट एखादाच मेल लिहायचा असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग राइट किंवा रिप्लायवर क्लिक करा.

पाठवताना काय जातं ते सेटिंग्जच्या कंपोझिशन विभागात सेंडिंग फॉरमॅटखाली ठरतं. ऑटोमॅटिक ठेवा. तुम्ही काही सजावट केली नसेल तर साधा मेल जातो, केली असेल तर सजवलेला आणि साधा अशा दोन्ही प्रती जातात. ‘ओन्ली एचटीएमएल’ निवडण्याचं सबळ कारण मला अजून सापडलेलं नाही. साध्या मेलचा आग्रह धरणारे लोक अजूनही आहेत: लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर एचटीएमएल मेल पाठवलात तर तो सर्व्हरच नाकारतो. तिथे ‘ओन्ली प्लेन टेक्स्ट’ निवडा. लिहायच्या खिडकीत ऑप्शन्स मेनूतही सेंडिंग फॉरमॅट आहे, त्यामुळे तेवढ्या मेलपुरतं बदलता येतं.

खात्री करायची असेल तर स्वतःलाच एक मेल पाठवा, थोडा ठळक मजकूर आणि एखादं मराठी वाक्य घालून. आला की उघडून कंट्रोल आणि यू दाबा. मेलचा कच्चा मजकूर नव्या खिडकीत दिसेल. त्यात कंटेंट-टाइप अशी ओळ शोधा. तिच्यापुढे मल्टिपार्ट स्लॅश अल्टर्नेटिव्ह असेल तर दोन्ही प्रती गेल्या, टेक्स्ट स्लॅश प्लेन एवढंच असेल तर फक्त साधी. शेजारी कॅरसेटपुढे यूटीएफ-८ दिसलं की मराठीबाबतही निर्धास्त. मराठी वाक्याच्या जागी तिथे अगम्य अक्षरांचे ठोकळे दिसले, तर बिचकू नका. प्रवासासाठी मजकूर कधीकधी तसा बांधला जातो.